कवटीतली खिडकी आणि बातमीतला चमत्कार

मंडळी, जरा स्पष्टच लिहितो. मेंदूवरच्या उपचाराचं कुठलंही संशोधन आलं की आमच्या धंद्यातले लोक त्याला 'चमत्कार' म्हणून मोकळे होतात. कवटीत सिरॅमिकची खिडकी बसवून अल्ट्रासाऊंडने उपचार करायचे, हा त्यातलाच विषय.

मुळात गोष्ट काय? कवटीचं हाड अल्ट्रासाऊंडच्या लहरी शोषतं, परत फेकतं, त्यांची दिशा बिघडवतं. म्हणून अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना गिलेर्मो अगिलार यांनी आणि मेक्सिकोतल्या संशोधकांनी हाडाच्या तुकड्याजागी झिर्कोनिया बसवण्यावर काम केलं. आपल्या गावचा डेंटिस्ट दातावर ज्याची कॅप बसवतो, तेच झिर्कोनिया. लहरी नीट आत गेल्या, तर रक्तातून मेंदूत औषध जाऊ न देणारा पडदा थोडा वेळ सैल करता येईल. कल्पना भारी आहे, वाद नाही.

पण हे काम प्रयोगशाळेतलं आहे. तिथून दवाखान्यात यायला चाचण्यांची कित्येक वर्षं जातात. शिवाय हात थरथरण्याच्या आजारावर अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालेला अल्ट्रासाऊंड उपचार वेगळा. त्यात कवटी कापतच नाहीत. बातमीत मात्र दोन्हीची खिचडी!

काहीजण म्हणतील, 'अहो, लोकांची आशा कशाला मारता?' आशा जरूर ठेवा. पण ज्याच्या घरात ट्युमरचा पेशंट आहे, तो असली हेडलाइन वाचून चालू उपचार अर्ध्यावर सोडतो, जमीन विकायला काढतो आणि अलगद एजंटाच्या तावडीत सापडतो. तेव्हा हेडलाइन देणारा कुठे असतो?

कॅन्सर आणि मेंदूचे आजार बरे करतो अशा औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मग तोच दावा बातमीचा सदरा घालून आला की चालतो का?

माझी मागणी साधी आहे. अशा प्रत्येक बातमीत तीन गोष्टी छापा: प्रयोग कशावर झाला, उपचार आज कुठे मिळतो, खर्च किती. उत्तर नसेल तर 'अजून उपलब्ध नाही' असं पहिल्याच परिच्छेदात लिहा. आणि वाचकहो, फॉरवर्ड करण्याआधी हेच तीन प्रश्न विचारा. घरात पेशंट असेल तर आधी त्याच्या डॉक्टरला विचारा, ग्रुपला नंतर.