बिलावर ‘बेल्ट’ लिहिलंय, पण कुठला?

मैत्रिणींनो, मागे या पानावर कुकरची रिंग आणि शिट्टी यांबद्दल लिहिलं होतं, तेव्हा काही जणींनी विचारलं होतं, “स्वयंपाकघराबाहेरच्या वस्तूंचं काय?” आता दारात स्कूटर नाहीतर जुनी का होईना गाडी असतेच. तिच्यातलं आपल्याला काय कळतंय, असं म्हणून आपण ते खातं परस्पर यजमानांकडे देऊन टाकतो. मीही तेच केलं होतं. फक्त हिशेबाची वही माझ्याकडे होती, आणि चूक झाली ती नेमकी वहीतच.

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याला ठरलं होतं. साताऱ्याहून पहाटे निघालो. भुईंज मागे टाकलं आणि चालती गाडी एकाएकी बंद पडली. ना खडखडाट, ना धूर. ह्यांनी कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवली की स्टार्टर फिरायचा, पण एरवीसारखा दम लागल्याचा आवाज नाही, अगदी हलका, मोकळा. शिवणयंत्राचा पट्टा निसटल्यावर चाक कसं गरगर फिरतं आणि सुई मात्र जागच्या जागी राहते, तसंच काहीसं. ह्यांनी आठ-दहा वेळा किल्ली मारली असेल. तीही चूकच, हे नंतर कळलं.

गाडी ओढून साताऱ्याला आणावी लागली. ऑपरेशनची तारीख गेली, ती पुढे तीन आठवड्यांनी मिळाली. मिस्त्री म्हणाले, “वहिनी, टायमिंग बेल्ट तुटलाय. व्हॉल्व्ह वाकलेत. हेड उतरवावं लागेल.” मी ठसक्यात वही उघडली. “अहो, बेल्ट तर वर्षापूर्वीच बदललाय, हे बघा बिल!” त्यांनी बिल पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “हा फॅन बेल्ट.”

बिलावर नुसतं ‘बेल्ट बदलला’ एवढंच होतं. मी वहीत बरोबरची खूण करून मोकळी झाले होते. गाडीबरोबर आलेलं पुस्तक कपाटात होतं, त्यात किती किलोमीटरला बदलायचा ते छापलेलं होतं. मी ते उघडलंही नव्हतं. ह्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, ते जास्त लागलं. एकूण खर्च 22,400 रुपये. माझ्या अर्धवेळ नोकरीच्या पगारातून धाकटीच्या क्लाससाठी बाजूला काढलेले होते, ते त्यात गेले.

तर आता नीट समजून घ्या. फॅन बेल्ट बाहेर दिसतो, सैल झाला की सकाळी गाडी सुरू करताना कुईं करतो. म्हणजे सूचना तरी देतो. टायमिंग बेल्ट प्लास्टिकच्या झाकणाआड असतो, रबराचा, आतून दातेरी. खालचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, दोनदा फिरला की वरचा कॅमचा दांडा एकदा फिरतो, आणि त्याच्या तालावर व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. पट्टा तुटला की वरचं थांबतं, पण पिस्टन आणखी थोडा वेळ वरखाली होत राहतात. पुष्कळशा इंजिनांत ते उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात. आमचं तेच झालं. म्हणून गाडी अशी बंद पडली आणि स्टार्टर हलका फिरू लागला, तर पुन्हा पुन्हा किल्ली मारू नका.

सगळ्याच गाड्यांना हा पट्टा नसतो बरं का. हल्लीच्या कित्येक गाड्यांत साखळी असते. मारुती 800 ला पट्टा होता. तुमच्या गाडीत काय आहे आणि कधी बदलायचं, ते पुस्तकात पाहा. साधारण 60,000 ते 1,00,000 किलोमीटरच्या दरम्यान मुदत असते, पण वर्षांचीही मर्यादा असते. गाडी दारात उभी राहिली तरी रबर म्हातारं होतंच. वापरलेली गाडी घेत असाल आणि पट्टा बदलल्याचं बिल नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. झाकण काढून पाहिलं आणि भेगा दिसल्या नाहीत, म्हणून निर्धास्त होऊ नका. दिसायला धडधाकट पट्टाही तुटतो. आत ऑइल गळत असेल तर आधी ती गळती बंद करायची, नाहीतर नवा पट्टाही लवकर खराब होतो.

हे काम घरी करावं का? आमच्या दिरांना हौस आहे, ते करतात. माझं मत विचाराल तर नको. खुणांवर खूण जुळवायची असते. एक दाता चुकला तरी गाडी नीट चालत नाही, जास्त चुकला तर पुन्हा व्हॉल्व्हवर संक्रांत. पण काम चालू असताना तिथे उभं राहायला कोण नको म्हणतं? मी उभी राहिले. ताण देणारी पुली नवी घाला म्हटलं, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत असल्यानं तोही बदलून घेतला, कारण नंतर पंप गेला तर सगळं पुन्हा खोलायचं. पट्टा बसल्यावर गाडी लगेच सुरू न करता क्रँक पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात का, हे पाहतात. जुना पट्टा मागून घ्या. आमचा तुटका माझ्याकडे आहे.

घरी मात्र बाकी बरंच करता येतं. सपाट जागी, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी पुसून, पुन्हा बुडवून पातळी पाहणं ही तर दोन मिनिटांची गोष्ट. पाण्याच्या टाकीचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी आली तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशनं घासा. आधी वजा चिन्हाची तार काढायची आणि लावताना ती शेवटी. त्याआधी हातातल्या बांगड्या काढा, मंगळसूत्र आत खोचा. धातू दोन्हीकडे टेकला तर भाजून निघतं. पदर किंवा ओढणी पंख्याजवळ जाऊ देऊ नका, काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरतो. आणि स्टेपनी लावताना नट आधी जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक. हवेत उचललेल्या चाकाचे नट सोडवायला गेलात तर चाकच फिरतं.

आता बॉनेटच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. त्यावर तारीख, किलोमीटर आणि ‘टायमिंग बेल्ट’ असं पूर्ण नाव. सासूबाईंचा डोळा छान झाला. परवा त्यांनी तो कागद चष्म्याशिवाय वाचला, आणि म्हणाल्या, “गं, हा सहा मोठा काढलायस, पण शेवटचं शून्य पुसलंय.”