विश्लेषण : लोहगड जागतिक वारसा झाला, पायथ्याच्या रणांगणाचे काय?

लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी लोकल पकडलीत, तर मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव आणि मग तळेगाव अशी स्टेशने येतात. अंतर साधारण ३० किलोमीटर. जानेवारी १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची फौज याच पट्ट्यातून पुण्यावर चालून आली आणि वडगावला करार करून, मान खाली घालून परत गेली. मळवलीला खिडकीतून उजवीकडे बघितले की लोहगड आणि विसापूर दिसतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याशी निगडित १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात लोहगड आहे. किल्ल्यावर आता नियम, फलक, निधी सगळे येईल. ज्या खाचरांत आणि माळांवर प्रत्यक्ष लढाई झाली, ती जमीन मात्र एनए प्लॉटच्या पाट्यांखाली चालली आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, रणांगण हाही ऐतिहासिक पुरावा आहे. तो वाचवायला सरकारइतकीच मदत तलवारी घेऊन जुन्या लढाया 'करणाऱ्या' हौशी गटांची होऊ शकते. पण हेच गट तो पुरावा सर्वात आधी नष्टही करू शकतात. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या गटाने ते केले आहे.

वडगावला नेमके काय घडले?

रघुनाथरावांना पुण्याच्या कारभारावर बसवायचे, या हेतूने मुंबईकर इंग्रजांनी ही मोहीम काढली. सुमारे ३,९०० माणसे बोरघाट चढून आली. त्यात गोरे सहाशेच्या आतबाहेर, बाकी बहुतेक इथलेच शिपाई. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजा. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई देण्याचे टाळले. रसद तोडायची, बाजूने तोफा डागायच्या आणि पुढची गावे रिकामी करून ठेवायची, असे धोरण होते. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. शत्रू असूनही मराठ्यांनी त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून लक्षात ठेवले.

९ जानेवारीला फौज तळेगावला पोहोचली, तेव्हा गाव जाळून टाकलेले होते. पुण्यालाही हेच होणार, अशी बातमी होती. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान पेटवले आणि अंधारात माघार घेतली. दुसऱ्या दिवशी ते वडगावला पुरते वेढले गेले. १६ जानेवारीला करार झाला. साष्टीसह घेतलेला मुलूख परत द्यायचे त्यांनी कबूल केले, रघुनाथराव महादजींच्या हाती आले. कलकत्त्याच्या सरकारने हा करार पुढे धुडकावला, तो वेगळा विषय.

वडगावात विजयाचे स्मारक आहे. हायवेवरून जाताना दिसते. पण स्मारक म्हणजे रणांगण नव्हे. तळेगावपासून वडगावपर्यंतची ती रात्रीची वाट, म्हणजे लोकलचे एक स्टेशन, पाच-सहा मिनिटांचे अंतर, कुठून गेली? मागची तुकडी कुठे उभी राहून लढली? याची उत्तरे कागदात अर्धीच आहेत. उरलेली जमिनीत आहेत.

आमची लढाई

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही २२ जणांनी हा प्रसंग रीएनॅक्टमेंट म्हणून करायचे ठरवले. म्हणजे नाटक नव्हे. त्याच भागात, त्याच ऋतूत, तशाच वजनाचे सामान घेऊन, घडले तसे करून बघायचे. पहिल्याच बैठकीत अडचण आली, ती म्हणजे इंग्रज व्हायला कोणीच तयार नाही. सगळ्यांना महादजी व्हायचे होते. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची चिठ्ठी आली तो म्हणाला, 'आई फोटो बघेल, मी लाल कोट घालणार नाही.' आम्ही हसलो, पण पुढे वाचताना लक्षात आले की त्या लाल कोटातले बरेच जण कोकणातलेच होते. शत्रूच्या रांगेत कोण उभे होते हे कळणे, हा या खटाटोपातला मला सर्वात मोलाचा भाग वाटतो. मिरवणुकीत तो कधी येत नाही.

दुसरी गोष्ट बैलांची. इंग्रजी नोंदींत या फौजेबरोबर १९ हजार बैल असल्याचा आकडा येतो. वाचताना डोळे पुढे सरकतात. आम्ही हिशेब मांडला. जोड्या ९,५००, एका जोडीला चार मीटर जागा धरली तर एकेरी रांग ३८ किलोमीटरची. म्हणजे पहिली जोडी तळेगावात आणि शेवटची अजून बोरघाटात! चार-चार जोड्या शेजारी चालवल्या तरी साडेनऊ किलोमीटर. ही फौज सुरुवातीला दिवसाला दीड किलोमीटरही का सरकत नव्हती, याचे उत्तर पानावर मिळाले नव्हते, ते पाठीवर ओझे घेऊन बांध ओलांडताना मिळाले. एक बांध, एक ओढा आला की मागची सगळी रांग थांबते. थांबलेल्या रांगेवर बाजूच्या टेकाडावरून तोफ डागायची असेल, तर फार नेमबाजी लागत नाही.

परवानग्यांचे म्हणाल, तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न तलवारींचा आला. जमाव आणि शस्त्रे यांवर मनाई आदेश लागू असतात, लाकडी तलवारीसाठीही आधी लेखी कळवावे लागते. ते आम्ही केले. दारू उडवायचा विचार सोडूनच दिला. खरी परवानगी शेतकऱ्याची. जानेवारीत भाताची खाचरे मोकळी असतील असे आम्ही गृहीत धरले होते. पोहोचलो तर हरभरा टाकलेला. शेताचे मालक बांधावर बसले होते. म्हणाले, 'लढाई करा, पण हरभरा तुडवू नका.' आमची इंग्रज फौज मग बांधावरून एकेरी चालली.

आणि मग ते यंत्र

आमच्यातल्या एकाने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला होता. दुपारी जेवणानंतर त्याने तो काढला. पडीक तुकड्यात यंत्र वाजले. आम्ही खुरप्याने उकरले. वीतभर खाली एक करडी, जड, ओबडधोबड गोटी निघाली. शिशासारखी. सगळे ओरडलो. फोटो काढले, व्हिडिओ काढला, गोटी खिशात गेली. मीही ओरडणाऱ्यांत होते.

त्या काळच्या कंपनीच्या ठासणीच्या बंदुकीची गोळी साधारण १७-१८ मिलिमीटर व्यासाची, ३० ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. आमची गोटी त्याच्या जवळपास भरली. पण ती गोळी होती की मासेमारीच्या जाळ्याचे वजन, हे आजही सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे ती कोणत्या तुकड्यात सापडली हेच आम्हाला नक्की सांगता येत नाही. फोटोत गोटी आहे, तळहात आहे, मागे आकाश आहे. फोनचे लोकेशन बंद होते. नुकत्याच इंजिनीअर होऊ घातलेल्या २२ जणांपैकी एकाच्याही डोक्यात मोजमाप आले नाही.

जागेला एवढे महत्त्व का?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील लिटल बिगहॉर्न इथे १८७६ मध्ये कस्टरची घोडदळ तुकडी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी संपवली. पुढे शंभर वर्षे तिथे काय झाले याच्या दंतकथाच चालल्या. १९८३ मध्ये माळाला आग लागून गवत जळाले. १९८४ पासून पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांना ओळीत उभे करून तो माळ पिंजून काढला. यंत्र वाजले की फक्त झेंडी रोवायची. मागून दुसरी तुकडी येणार, जागा नकाशावर मांडणार, मगच उकरणार. काडतुसांच्या टोप्यांवर प्रत्येक बंदुकीच्या चापाची खूण वेगळी असते, पोलीस तपासात बघतात तशी. त्या खुणा जुळवून एकेक बंदूक माळावर कुठून कुठे सरकली, हे काढता आले. योद्ध्यांकडे भराभर झाडता येणाऱ्या रायफली पूर्वी समजत होते त्याहून जास्त होत्या, हेही दिसले.

यंत्र तेच होते, आमच्या मित्राकडे होते तसलेच. तिथे लढाई सापडली, आमच्याकडे कंपासपेटीत एक गोटी आहे.

अशा गोळ्या फार खोल नसतात. बहुतेक नांगराच्या थरात, फूटभर मातीत असतात. म्हणून नांगरणीने त्या थोड्या हलतात, पण राहतात. प्लॉट पाडायला जेसीबीने वरची माती उचलली की त्या ट्रकमधून भरावाला जातात. मग त्या जागेवर कितीही भव्य पुतळा उभारा, प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्राच्या १९५८च्या कायद्यात स्मारकांबरोबर 'पुरातत्त्वीय स्थळे' हीही व्याख्या आहे. शंभर वर्षांपेक्षा जुने अवशेष असल्याचे मानण्यास जागा असलेले क्षेत्र तिच्यात बसते. महाराष्ट्राचा १९६०चा कायदाही याच धर्तीचा. म्हणजे रणांगण संरक्षित करायला कायद्याची आडकाठी नाही, सवय नाही. आपल्याला वारसा म्हटले की दगड लागतो, निदान बुरूज तरी.

जमिनीत सापडलेल्या वस्तूबद्दल १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा जुना ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आम्ही गोटीबद्दल कोणालाच कळवले नाही. तिची किंमत दहा रुपये होती का, हा वाद घालता येईल. घालू नये असे माझे मत आहे.

संपूर्ण पट्टा संरक्षित करून शंभर मीटरपर्यंत बांधकामबंदी लावा, असे मात्र मी म्हणणार नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती असा नियम आहे. मावळात तो लावला तर ज्यांनी अडीचशे वर्षे ती जमीन राखली, त्यांच्याच सात-बाऱ्यावर गंडांतर येईल. इंग्लंडने १९९५ मध्ये वेगळी वाट काढली. ४३ रणांगणांची नोंदवही केली, प्रत्येकाची हद्द नकाशावर आखली. नोंद झाली म्हणून बांधकाम आपोआप बंद होत नाही. पण परवानगी देताना त्या नोंदीचा विचार करावाच लागतो. आपल्याकडे एवढेच झाले, की लेआउट मंजूर करण्याआधी चार दिवस त्या तुकड्याची पाहणी होईल, तरी पुष्कळ हाती लागेल. उंबरखिंड, पालखेड, खर्डा, असई अशी नावे काढायला बसलो तर ती वही राज्यात बरीच जाड होईल.

गट कसे चालावेत?

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या लढाया करणारी 'सील्ड नॉट' ही संस्था १९६८ पासून चालू आहे. तिथे दोन्ही बाजूंच्या पलटणी असतात, हरणाऱ्या बाजूला उभे राहण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पण मूळ रणांगणावरच प्रयोग करण्याबद्दल तिथले पुरातत्त्व अभ्यासक नाराज असतात. आजची बटणे, नाल, खिळे मातीत पडले की उद्याच्या पाहणीत जुन्या-नव्याचा घोळ होतो. प्रयोग शेजारच्या मैदानावर करावा, मूळ जमिनीवर फक्त चालावे. हे मला पटते. पन्हाळा ते पावनखिंड पावसाळी मोहिमेत हजारो लोक १६६०ची ती वाट चालतात, तेही एका अर्थी रीएनॅक्टमेंटच. तिथेही पायाखाली काय तुडवले जाते आणि मागे काय राहते, हे आधी ठरवायला हवे.

आमचा गट २२ वरून ९ वर आला आहे. नोकऱ्या, लग्ने, परदेश. डिटेक्टर विकला. आता आम्ही वर्षातून तीन-चार रविवार नुसते चालतो, लोकेशन चालू ठेवून. कुठे ओढा वळवला, कुठे टेकाड कापले, शेतांची जुनी नावे काय, हे म्हाताऱ्या माणसांकडून विचारून वहीत घेतो. हरभऱ्याचे मालक आता आम्हाला चहा देतात. गोटी त्यांना नेऊन दाखवली. हातात तोलून म्हणाले, 'अशा लहानपणी गलोलीत घालायचो.' कोणत्या शेतातल्या, हे त्यांना चांगले आठवत होते. तेही लिहून घेतले.

जानेवारी २०२९ मध्ये वडगावच्या लढाईला २५० वर्षे होतील. मोठा कार्यक्रम होईल, मंडप पडेल, ढोल-ताशे येतील. त्याआधी राज्य पुरातत्त्व विभागाने तळेगाव ते वडगाव पट्ट्याची एक पाहणी करून हद्द आखावी, असा अर्ज आम्ही लिहितो आहोत, सोबत आमची वही आणि कंपासपेटीतली गोटीही देणार आहोत. प्रयोगाची तयारीही सुरू आहे, या वेळी शेजारच्या मोकळ्या मैदानावर. इंग्रज आतापर्यंत दोन मिळालेत.