पंधरा आणि अठराच्या मध्ये

११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२. आठ गिअरच्या हायब्रिड सायकलींवर रोज हात फिरवणाऱ्या कारागिराला हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. पण पंधराच्या पुढे एकदम अठरा येतो, तिथे आपण सहसा थांबत नाही. गिऱ्हाईक मात्र तिथेच अडते. ‘वारा लागला की एक गिअर जड होतो आणि दुसरा हलका, पायाला कुठलाच बसत नाही,’ अशी तक्रार घेऊन ते येते. आपण डिरेलर तपासतो, केबल ताणतो, सगळे बरोबर आहे असे सांगतो आणि सायकल परत देतो. या उत्तराविरुद्ध मला आज लिहायचे आहे. तक्रार खरी आहे आणि तिचे कारण कॅसेटमध्ये आहे.

हिशोब करून पाहा. पुढे ४८-३८-२८चा क्रँक, मागे ७०० × ३२चा टायर, म्हणजे चाकाचा घेर साधारण २.१५५ मीटर. मधल्या ३८वर मिनिटाला ८० फेरे मारणारा स्वार पंधराच्या कॉगवर ताशी २६.२ किलोमीटर जातो आणि अठरावर २१.८. मध्ये काही नाही. २० टक्क्यांची उडी, आणि तीही नेमकी त्या वेगात, ज्या वेगात लांब पल्ल्याचा स्वार दिवसाचे सर्वाधिक तास काढतो. सोलापूर रस्त्यावर दुपारी समोरून वारा सुरू झाला की त्याला २३-२४चा वेग धरायचा असतो. त्यासाठी एक तर तो पंधरावर गुडघे घासतो किंवा अठरावर पाय भिरभिरवतो. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. एवढा वेळ चुकीच्या लयीत पायडल मारल्यावर गुडघा कुरकुरणारच.

यावर उपाय नवी सायकल हा नाही. १३-२६च्या आठ गिअरच्या कॅसेटमध्ये १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २६ असे कॉग असतात. तिच्यातून १३, १५, १७, १९ घ्या. जुन्या ११-३२मधून २१, २४, २८, ३२ ठेवा. नवा संच होतो १३-१५-१७-१९-२१-२४-२८-३२. सगळ्यात मोठी पायरी आता १६.७ टक्क्यांची, आणि तीही २४ ते २८ या चढाच्या जागी. सपाटीवर त्याच ३८वर २६.२, २३.१, २०.७ असे वेग हाताशी येतात. पसरणी घाटासाठी ३२ जसाच्या तसा राहतो. २८ बाय ३२वर मिनिटाला ७० फेऱ्यांनी ताशी आठच्या आतबाहेर चढता येते. अकराचा कॉग गेला, पण पुढे ४८ आहे. ४८ बाय १३वर ९० फेऱ्यांना ताशी ४३ किलोमीटर होतात. प्रवासी सामान लादलेल्या सायकलीला त्याहून जास्त कशाला हवे?

साखळीची लांबी बदलावी लागत नाही, कारण मोठा कॉग तोच आहे. डिरेलरवरचा ताण तर कमीच होतो: आधी त्याला ४१ दात्यांचा फरक सांभाळावा लागे, आता ३९चा.

काम मात्र निगुतीने करायला हवे. स्वस्त कॅसेटचे कॉग तीन लांब रिव्हेटांनी जखडलेले असतात. रिव्हेट फक्त जोडणी सोपी व्हावी म्हणून आहेत, ताकद फ्रीहबच्या खाचा घेतात. म्हणून डोकी ग्राइंडरने घासून काढली तरी बिघडत नाही. कॉगला काप जाऊ देऊ नका आणि मधले प्लास्टिकचे स्पेसर जपून ठेवा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. आठ गिअरचा स्पेसर ३ मि.मी.चा, नऊचा २.५६चा. डब्यातला हाताला येईल तो स्पेसर उचलला तर एका ठिकाणी ०.४४ मि.मी. कमी पडते आणि त्याच्यापासून पुढचे सगळे कॉग सरकतात. दोन चुकीचे बसले तर शिफ्टर जागेवर येणारच नाही आणि तुम्ही तासभर केबलशी झुंजत राहाल. व्हर्नियर लावल्याशिवाय एकही स्पेसर चढवू नका.

दुसरी गोष्ट मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. पहिल्यांदा असा संच बांधला तेव्हा ११-३२मधलाच तेरा पहिल्या जागी बसवला. लॉकरिंग घट्ट झाली असे वाटले. पंधरा दिवसांनी सायकल परत आली, कॉग हलत होते आणि ॲल्युमिनियमच्या फ्रीहबवर खोल खुणा पडल्या होत्या. पहिल्या जागेच्या कॉगला स्पेसरची कड त्याच्याच अंगाची असते आणि बाहेरच्या तोंडावर दातेरी वर्तुळ असते, त्यात लॉकरिंग रुतते. मधल्या जागेच्या तेराला हे दोन्ही नसते. म्हणून तेरा १३-२६मधलाच हवा आणि लॉकरिंगही त्याच संचाची, कारण अकराची लॉकरिंग व्यासाने लहान असते. ती ४० न्यूटन-मीटरला आवळा. तो आकडा बहुतेक लॉकरिंगवर कोरलेलाच असतो. टॉर्क पाना नसेल तर तो घ्या, अंदाजावर हे काम सोडू नका.

आणखी एक बारकावा. तेराचा कॉग अकरापेक्षा त्रिज्येने सुमारे ४ मि.मी. मोठा. काही फ्रेमींत साखळी मागच्या नळीला घासते. चाक लावल्यावर हाताने पायडल फिरवून हे पाहा, गिऱ्हाइकाला रस्त्यात कळायला नको.

हायपरग्लाइडचे दाते आणि उतरत्या खाचा शेजारच्या कॉगच्या जोडीने आखलेल्या असतात. साखळी एका कॉगवरून दुसऱ्यावर कुठल्या कोनात चढावी हे कारखान्यात ठरलेले असते. एक खाच अरुंद असल्याने कॉग एकाच स्थितीत बसतो, तो त्यासाठीच. म्हणून वेगळ्या संचांचे कॉग शेजारी आले की तेवढ्या एका ठिकाणी साखळी किंचित उशिरा आणि जरा आवाज करत चढते. ही शिवण कुठे ठेवायची, हे आपल्या हातात आहे. १३-२६मध्येही एकवीस असतो. तो घेतला तर शिवण २१ आणि २४च्या मध्ये येते, घाटाच्या तोंडाशी, जिथे स्वार भार देऊनच गिअर बदलतो. म्हणून मी एकवीस जुन्या संचातलाच ठेवतो आणि शिवण १९ व २१च्या मध्ये घेतो, कारण तिथे पाय हलका असतो. चौदा काढल्यामुळे १३ आणि १५च्या मध्येही जोडी मोडते, पण उतारावर ते जाणवतही नाही.

जुने कॉग घेताना आधी साखळी मोजा. बारा पूर्ण कड्यांची लांबी नव्या साखळीत ३०४.८ मि.मी. भरते. ती सव्वादोन मि.मी.ने वाढली असेल तर पाऊण टक्का झिजली, आणि तशा साखळीखाली बराच काळ चाललेल्या मधल्या कॉगवर नवी साखळी घसरते. मोठे कॉग मात्र पुष्कळदा चांगले निघतात, कारण त्यांचा वापर कमी होतो. भंगारात जाणाऱ्या प्रत्येक कॅसेटमधून असे कॉग काढून दाते, जाडी आणि संचाची खूण लिहून डब्यात ठेवावेत.

ही काही नवी युक्ती नाही. थ्रेडेड फ्रीव्हीलच्या काळात युरोप-अमेरिकेतल्या चांगल्या दुकानांत सुट्या कॉगचा लाकडी फळा भिंतीवर असे, आणि स्वाराच्या मागणीप्रमाणे तिथल्या तिथे फ्रीव्हील बांधून मिळे. मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट न्यूटनच्या हॅरिस सायकलरी या दुकानात शेल्डन ब्राउन २००८ साली जाईपर्यंत बेतीव कॅसेट बांधून देत होते, आणि त्यांनी ते ज्ञान उघडपणे वाटले. आता अकरा-बारा गिअरच्या संचांत पायऱ्या आपोआप जवळ येतात आणि मोठे कॉग एकाच तुकड्यात घडवलेले असतात, तिथे असे काम करायला वाव कमी. पण आपल्या टेबलावर आठ-नऊ गिअरच्या सायकली अजून रोज येतात. त्यांच्या मालकांना आपण ‘जमणार नाही’ म्हणतो, तेव्हा आपली मेहनत वाचते आणि त्यांचे गुडघे झिजतात. मला ते पटत नाही.

दोन कॅसेटचे पैसे गिऱ्हाइकाला आधी सांगा. काम झाल्यावर आठही आकडे जॉब कार्डावर लिहा, म्हणजे पुढच्या कारागिराला शिवण कुठे आहे ते कळेल. उरलेले ११, १३, १५, १८ आणि १४, २१, २३, २६ पिशवीत घालून, तेल लावून, अकराची लॉकरिंग त्यातच ठेवून गिऱ्हाइकाच्या हाती द्या. ते त्याचे आहेत, आणि उद्या तो एखाद्या सपाट भागात राहायला गेला तर त्यातूनच तुम्हाला दुसरा संच बांधायचा आहे.