कंबर माझी, घाई तुमची

पेडण्या-डिचोलीच्या बाजूला बाईची कंबर नुसती दुखत नाही, तिचं ‘पेंकट मोडतं’. मोडलेली वस्तू एक तर टाकतात, नाही तर दुरुस्त करून पुन्हा कामाला जुंपतात. बाईला टाकता येत नाही, म्हणून दुरुस्तीची घाई. त्या घाईला हल्ली सोपा उपाय सापडलाय, मणक्यातलं इंजेक्शन. “एक सुई घे नि मोकळी हो,” असं नवरा म्हणतो, मुलगा म्हणतो, पुण्याची नणंद फोनवरून म्हणते. मोकळी कशासाठी? तर दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली पाहिजेत, त्यासाठी चुलीपुढे उभी राहायला.

माझं म्हणणं सरळ आहे. महिनोन्‌महिने दुखणाऱ्या साध्या कंबरेसाठी मणक्यात स्टिरॉइडची सुई घेऊ नये. आणि घ्यायची की नाही हे ठरताना, ज्यांची कंबर नाही त्यांनी जरा गप्प बसावं.

मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांनीच लिहून ठेवलेलं वाचायला काय हरकत आहे? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने फेब्रुवारी २०२५ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना छापल्या. तीन महिन्यांहून जुनं, कॅन्सरशी संबंध नसलेलं मणक्याचं दुखणं असेल, तर या सुया आणि नसा जाळण्याचे उपचार करू नयेत, अशी ठाम शिफारस त्यांत आहे. ती करणाऱ्या मंडळात स्वतः असं दुखणं भोगणारी माणसंही होती, हे मला विशेष वाटतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने कंबरदुखीला मणक्यातली इंजेक्शनं देऊ नका, असं २०१६ सालीच सांगितलं होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला, की मणक्यात स्टिरॉइड टोचल्यावर क्वचित, अगदी क्वचित, पण दृष्टी जाणं, लकवा, मृत्यूही घडलेला आहे. क्वचितच, मला कुणाला घाबरवायचं नाही. पण फायदाच जिथे धड दिसत नाही, तिथे क्वचितचा धोका तरी का पत्करायचा?

दुसरं म्हणजे साखर. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्या देशात गोव्यात जास्त निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चारांतल्या एकाहून जास्त. स्टिरॉइडने साखर काही दिवस वर चढते. सुई घ्यायला निघालेल्या किती बायकांना हे कुणी आधी विचारतं? त्यात ती पर्युषणात उपास करणारी असली तर गोळ्यांचं नि साखरेचं गणित आणखीच बिघडतं.

“पण एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली ना!” हे एक ब्रह्मवाक्य. अगं, काही दुखत नसलेल्या माणसांचे फोटो काढले तरी पन्नाशीच्या दर दहांतल्या सहांची गादी बाहेर आलेली दिसते, आणि आठांची झिजलेली. २०१५ साली अशा कितीतरी अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यातली ही गोष्ट. केस पांढरे व्हावेत तशी गादी झिजते. फोटोत दिसलं म्हणजे तेच दुखतंय असं नव्हे.

पायात सणकन उतरणारी, ताजी आणि असह्य कळ ही वेगळी बाब. तिथे सुईने काही आठवडे थोडा उतार पडू शकतो, आणि तेवढ्यापुरतं ‘नाइस’नेही दार उघडं ठेवलंय. लघवीवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेना, तापाबरोबर पाठ धरली, तर मग हा लेख बाजूला ठेवायचा नि त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत जायचं. तिथे वाट बघणं गुन्हा आहे.

उरलेल्यांना डॉक्टर काय सांगतात? चाला, व्यायाम करा, पडून राहू नका. आणि नेमकं इथेच घरचं तोंड वाकडं होतं. सुईच्या दिवशी गाडी काढून नेणारं घर, रोजची अर्ध्या तासाची सुट्टी द्यायला तयार नसतं. फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा जायचं तर पेडण्याहून बस, म्हापशाला बदली, अर्धा दिवस गेला. मग पाणी कोण भरणार, सासूबाईंचं कोण बघणार? काजूच्या दिवसांत सकाळपासून वाकून बोंडू वेचणाऱ्या बाईला तर हा प्रश्न विचारायचीही सोय नाही, तिची मजुरीच बुडते. सुई स्वस्त नसते, तरी घराला ती परवडते, कारण तिच्यामुळे घरातल्या दुसऱ्या कुणालाच हलावं लागत नाही.

आणि आपल्या समाजातल्या वडीलधाऱ्या बायका? त्या सुईच्या विरुद्ध असतात खऱ्या, पण भलत्याच कारणाने. “पूर्वकर्म आहे बाई, सोस. निर्जरा होईल.” काकी, शास्त्रातच सकाम निर्जरा वेगळी नि अकाम निर्जरा वेगळी सांगितली आहे. जाणून, ठरवून केलेलं ते तप. नाइलाजाने सोसलेल्या दुःखाला शास्त्रानेही तपाची बरोबरी दिलेली नाही. भरलेला हंडा उचलून उचलून मोडलेली कंबर हे कुणाचं व्रत नव्हतं. एकासनाला बसणारी स्वतःहून बसते. हंडा तिच्या डोक्यावर आपण ठेवला.

तेव्हा बायांनो, सुईच्या कागदावर सही करायच्या आधी डॉक्टरांना विचारा: माझं दुखणं नेमकं कुठलं, कंबरेचं की पायात उतरणारं? सुईने किती दिवस बरं वाटेल? त्यानंतर काय? माझ्या साखरेचं काय? न घेतली तर काय बिघडेल? उत्तर ‘काही नाही’ असं आलं तर कागद तिथेच ठेवून उठा. सोबत आलेल्या नवऱ्याला बाहेर बसवू नका, त्यालाही ऐकू द्या. आणि परतताना बसमध्येच ठरवून टाका, उद्यापासून पाण्याचा हंडा कोण उचलणार.