स्वस्त मोटार : कोणाच्या मापाची?

मोटारगाडी हा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या बैठकीत सहसा निघत नाही. निघालाच तर 'श्रीमंतांची चैन' एवढ्या दोन शब्दांत त्याचा निकाल लावला जातो. दुसऱ्या टोकाला मोटारींचा शौकीन उभा असतो. महागड्या, वेगवान गाड्यांचा कंटाळा आला की त्याचा जीव जुन्या, स्वस्त आणि चमत्कारिक गाड्यांवर जडतो. फ्रान्सची सित्रोएन टू-सीव्ही, पूर्व जर्मनीची ट्राबांट, आपल्याकडची नॅनो ह्या त्याला खेळण्यासारख्या गोजिरवाण्या वाटतात. एकाचा तिरस्कार आणि दुसऱ्याचे कौतुक ही वरवर परस्परविरोधी दिसली, तरी दोघांची चूक एकच आहे. ज्या हिशेबातून ह्या गाड्यांचे रूप घडले तो हिशेब दोघांनीही तपासलेला नाही. स्वस्त मोटार ही चैन नव्हे आणि विनोदही नव्हे. ती कोणाच्या गरजेच्या मापाने बेतली आणि तिची किंमत अखेर कोणी मोजली, हा तिच्याविषयीचा खरा प्रश्न आहे.

टू-सीव्हीचेच उदाहरण घ्यावे. १९३०नंतरच्या दशकात सित्रोएनचे सूत्रधार प्येर-झ्यूल बुलांझे यांनी अभियंत्यांना घातलेल्या अटी प्रसिद्ध आहेत : दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे वाहून नेता यावेत, वेग ताशी साठ किलोमीटर असावा, शंभर किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल पुरावे, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडे फुटू नये. ऑक्टोबर १९४८मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली, तेव्हा तिची यथेच्छ टिंगल झाली. ३७५ सीसीचे, नऊ अश्वशक्तीचे इंजिन. पत्र्याऐवजी कापडाचे गुंडाळता येणारे छप्पर. उचलून बाहेर ठेवता येणाऱ्या बैठका. शौकिनाला आज ज्या लकबी वाटतात, त्या प्रत्येकीमागे काटकसरीचे कारण होते. छप्पर गुंडाळले की उंच सामान मावत असे. इंजिन हवेने थंड होत असल्यामुळे कडाक्याच्या थंडीत पाणी गोठण्याचा प्रश्नच नव्हता. बुलांझे समाजवादी नव्हते. कंपनी नफ्यासाठीच चालत होती. परंतु त्यांनी आधी वापरणाऱ्याचे जीवन मोजले आणि मग यंत्र बेतले. १९९०मध्ये उत्पादन थांबले तोवर अशा अडतीस लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

ह्याच्या नेमके उलट उदाहरण त्याच काळात शेजारच्या जर्मनीत घडले. २ मे १९३३ रोजी नाझी सत्तेने कामगार संघटना चिरडल्या, त्यांची मालमत्ता बळकावली आणि त्यांच्या जागी 'जर्मन श्रमिक आघाडी' उभी केली. ह्याच आघाडीने १९३८मध्ये 'लोकांच्या मोटारी'ची योजना पुकारली. किंमत ९९० मार्क. दर आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट पुस्तिकेत चिकटवायचे आणि पुस्तिका भरली की गाडी मिळणार. सुमारे तीन लाख छत्तीस हजार लोकांनी पैसे भरले. त्यांतल्या एकालाही योजनेची गाडी मिळाली नाही. कारखाना युद्धाच्या कामाला जुंपला गेला आणि तेथे वेठबिगारांचे रक्त आटले. यंत्र म्हणून ती मोटार वाईट नव्हती. युद्धानंतर ती जगभर खपली. परंतु 'लोकांची' हे विशेषण लावणाऱ्यांच्या हाती लोकांनी विश्वासाने पैसा सोपवला आणि त्या पैशावर लोकांचे कसलेच नियंत्रण उरले नाही, हे विसरता कामा नये.

आता घरची गोष्ट. भर पावसात एकाच स्कूटरवर चौघांचे कुटुंब पाहून नॅनोची कल्पना सुचली, असे रतन टाटा यांनी सांगितले. पुण्याच्या अभियांत्रिकी केंद्रात घडलेली ही गाडी १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत जगापुढे आली. मागे बसवलेले दोन सिलिंडरचे ६२४ सीसी इंजिन, काचेवर एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीन बोल्ट : अभियंत्यांचे हे काम कौतुकास्पदच होते आणि त्याची थट्टा करणाऱ्यांनी आपले अज्ञान प्रकट केले. पण एक लाखाची किंमत मांडताना सिंगूरच्या ९९७ एकरांचा हिशेब कोणी मांडला? ती जमीन १८९४च्या कायद्याने, तेही डाव्या आघाडीच्या सरकारने घेतली. प्रखर विरोधानंतर ऑक्टोबर २००८मध्ये कारखाना गुजरातेत साणंदला हलवण्याचे ठरले. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादनच बेकायदा ठरवले. ज्याला गाडी द्यायची त्याच्याच भावंडांची जमीन काढून घ्यायची, ह्याला काटकसर म्हणत नाहीत.

साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. विक्री एकाही वर्षी लाखाला पोचली नाही आणि २०१८मध्ये उत्पादन थंडावले. 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का भोवला, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केले. त्यावरून 'भारतीय ग्राहकाला स्वस्त वस्तू नकोच' असा सिद्धान्त मांडला जातो. हा सिद्धान्त सोयीचा आहे, खरा नाही. हाच ग्राहक एस.टी.चे तिकीट काढताना लाजत नाही. त्याला लाज वाटते ती साधेपणाची नव्हे, तर गरिबीचे प्रमाणपत्र दारात उभे करण्याची. प्रतिष्ठा वस्तूच्या आकारावर मोजायला ज्या बाजाराने त्याला वर्षानुवर्षे शिकवले, तोच बाजार आता त्याच्याकडे बोट दाखवून अवाढव्य गाड्या विकतो.

सरकारही ह्या खेळात तटस्थ नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. ऐकायला हे न्याय्य वाटते. परंतु 'छोटी' म्हणजे काय? लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. वजन, रुंदी, उंची वा किंमत ह्यांचा त्या व्याख्येत उल्लेख नाही. म्हणून चार मीटरच्या मापात उंच, वजनदार, महाग गाडी बसवायची आणि छोट्या गाडीची सवलत खिशात घालायची, हा राजमार्ग झाला आहे. विजेवरच्या गाडीला तर ती कितीही मोठी व महाग असली तरी पाचच टक्के! जपानने १९४९पासून छोट्या मोटारींचा स्वतंत्र वर्ग राखला आहे. आज त्याची मर्यादा लांबीला ३.४ मीटर, रुंदीला १.४८ मीटर आणि इंजिनाला ६६० सीसी अशी आहे. तेथे साधी गाडी टिकली, ती लोकांच्या अंगी उपजत साधेपणा होता म्हणून नव्हे. कायद्याने तिच्यासाठी जागा राखली म्हणून.

टू-सीव्ही पॅरिसला झळकली त्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली होती. खेड्यातल्या माणसाचा प्रवास मोजून त्याला पुरेल असे वाहन द्यायचे, हे तत्त्व दोन्हींमागे होते; आणि आपल्या देशात त्या तत्त्वाचे पहिले रूप बसच असले पाहिजे. परंतु रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते, भाजीच्या पाट्या पहाटे बाजारात पोचवायच्या असतात, तेव्हा साधी, हलकी मोटारही माणसाची गरज असते. तिला चैन म्हणून हिणवणाऱ्या कार्यकर्त्याने हा प्रश्न आपल्या हाताने बाजाराच्या स्वाधीन केला आहे. बसला प्रथम पैसा द्या, मोटारीवरचा कर तिच्या वजनावर व किमतीवर बसवा, आणि कारखान्यासाठी जमीन लागली तर ती शेतकऱ्याच्या संमतीने घ्या, ह्या तीन मागण्या एकत्र मांडल्या तरच स्वस्त मोटार खऱ्या अर्थाने स्वस्त होईल. एरवी तिचे बिल सिंगूरसारख्याच कोणत्या तरी गावाच्या नावे फाडले जाईल.