घामाची नोंद कोण घेणार?

हृदयविकाराचा झटका म्हणजे छातीला हात लावून कोसळणारा स्थूल, सधन पुरुष, हे चित्र जनमानसात इतके ठसले आहे की त्याबाहेरचा रुग्ण रुग्णच ठरत नाही. वस्तुतः स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत छातीतील कळ अनेकदा ठळक नसते. खांदा वा जबडा भरून येतो, दम लागतो, मळमळते, दरदरून घाम फुटतो. आता पाथर्डी-शेवगावकडून कारखान्याच्या फडावर गेलेली ऊसतोड मजूर स्त्री डोळ्यांसमोर आणावी. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या तिला यांतील कोणते लक्षण नवे? खांदा रोजच दुखतो, घाम रोजच येतो. तिचा झटका तिच्या कष्टांतच दडतो. मुकादम त्याला कामचुकारपणा म्हणतो, दवाखाना पित्त म्हणतो.

ईसीजी काढला म्हणजे सुटलो, असेही नाही. पहिला आलेख निर्दोष दिसून अर्ध्या तासाने काढलेल्या दुसऱ्यात बिघाड उघड होऊ शकतो. हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका नेहमीच्या आलेखात सरळ दिसत नाही. त्यासाठी पाठीवर तारा लावाव्या लागतात. रक्तातील ट्रोपोनिन वाढण्यासही काही तास जातात. म्हणजे यंत्राइतकीच गरज आहे ती रुग्णाला थांबवून पुन्हा तपासण्याच्या शिस्तीची. खाडा पडला की मजुरी बुडणाऱ्या माणसाला थांबवणार कोण?

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला नगर जिल्हा २०२४ साली अहिल्यानगर झाला. अंतरे मात्र होती तेवढीच आहेत. अकोले तालुक्यातील राजूरहून जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरांहून दूर. राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, त्यांत प्रगत साधनांच्या अवघ्या २३३. म्हणजे चौथा हिस्साही नाही. उरलेल्या गाड्या रुग्ण वाहून नेतात. वाटेत त्याच्या हृदयाचे काय चालले आहे, हे कळण्याची सोय त्यांत कितपत, हा प्रश्न विधिमंडळाला पडत नाही.

‘खेड्यातल्या बाईला हे काय कळणार?’ हा युक्तिवाद ठरलेला आहे. त्याचे उत्तर याच जिल्ह्याने दिले आहे. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, ते गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका बनवून. कुष्ठरोग, क्षय, अडलेली बाळंतीण ओळखणे त्या शिकल्या. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार देऊन जगाने ते मानले. शासनाने सत्कार केले आणि धडा फाईलबंद केला. तिकडे तामिळनाडूने २०२३ साली प्राथमिक आरोग्य केंद्रांतच झटक्याच्या पहिल्या मात्रेच्या गोळ्या ठेवण्याची योजना आणली. गोळ्या स्वस्त असतात. महाग असते ती झटका ओळखण्याची व्यवस्था, आणि नेमकी तीच गरिबाच्या वाट्याला येत नाही.

आशा कार्यकर्तीला ही आडवळणी लक्षणे शिकवावीत आणि त्या शिक्षणाचे मानधन द्यावे, प्रत्येक प्राथमिक केंद्रात चालू ईसीजी यंत्र आणि तो तत्काळ वाचणारा तज्ज्ञ दूरध्वनीच्या टोकाला असावा, प्रत्येक १०८ गाडीत आलेखाची सोय असावी. यांत अशक्य काय आहे? सहकारी साखर कारखानदारी याच जिल्ह्यात प्रवरानगरला जन्मली. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला मंत्री अगत्याने येतात. येत्या हंगामात त्या व्यासपीठासमोर उभे राहून कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे, की तळावरच्या कोप्यांपासून सर्वांत जवळचे ईसीजी यंत्र किती किलोमीटरांवर आहे, आणि रात्री ते कोण चालवते.