रेफरल मागायचा कोणाकडे?

चंदीगडच्या सेक्टर 32 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजच्या मागे पीजीच्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. मी अमरावती जिल्ह्यातून एमसीए करून आलेलो, घरातला पहिला पदवीधर. मोहाली आणि आयटी पार्कमधल्या कंपन्यांना शंभराहून जास्त अर्ज केले. उत्तरं आली चार. त्याच महिन्यात रूम पार्टनरच्या मामानं गुडगावला एक फोन केला आणि आठवड्यात त्याचा इंटरव्ह्यू लागला. पोरगा हुशारच होता. पण माझा कोड कोणी उघडूनही पाहिला नव्हता.

2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या साधारण दोन तृतीयांश निघाली. पुढे 2009 मध्ये दिल्लीतला असाच एक अभ्यास आला. त्यात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीनुसार ठळक फरक दिसला नाही. 'आयटीत जात नसते' म्हणणाऱ्यांना हा मोठा आधार वाटतो.

पण तो अभ्यास फक्त अर्ज आणि बोलावणं एवढंच मोजत होता. आज जागा कमी, अर्ज ढिगाने. अशा वेळी आधी उघडला जातो तो ओळखीतून आलेला अर्ज. ओळख कुठून येते? मामा, काका, शाळेतले मित्र, सोसायटीतले शेजारी. म्हणजे जातीतून. कोणी आडनाव पाहून नाकारलं नाही तरी निकाल तोच लागतो. पुढे इंटरव्ह्यूत 'घरी कोण काय करतं?' हा प्रश्न असतोच. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर व्यवस्थापकांशी बोलून दाखवलं की मेरिटची भाषा बोलणारेच कौटुंबिक पार्श्वभूमीला वजन देतात.

चंदीगडजवळच्या रोपड जिल्ह्यातले कांशीराम पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत नोकरीला आले. तिथे आंबेडकर जयंतीच्या सुट्टीसाठी लढणाऱ्या दीनाभानांमुळे त्यांचं आयुष्य बदललं. 1978 मध्ये उभ्या राहिलेल्या बामसेफचं सूत्र साधं होतं: शिकून नोकरीला लागलेल्यांनी समाजाला परत द्यावं. ते कर्मचारी आरक्षणातून आले होते. खासगी कंपनीत आरक्षण नाही, रोस्टर नाही, आपली माणसं किती याची मोजणीही नाही. म्हणून खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी सोडता येणार नाही.

पण कायदा होईपर्यंत आज रूमवर बसलेल्या पोरीपोरांनी काय करायचं? आपल्यातले जे आत पोहोचलेत त्यांना माझं सांगणं आहे. अनोळखी ज्युनिअरचा मेसेज आला तर उत्तर द्या. त्याचा कोड पाहा, तासभर सराव इंटरव्ह्यू घ्या, काम पटलं तर रेफर करा. 'ट्रेनिंगचे पैसे भरा, मग नोकरी' म्हणणाऱ्यांपासून त्याला सावध करा. ही वशिलेबाजी नव्हे. रेफरलनं फक्त अर्ज उघडतो, परीक्षा त्याची त्यालाच द्यायची असते.

आणि जे शोधताहेत त्यांनो, मागायला लाजू नका. मी दीड वर्ष लाजलो. शेवटी विद्यापीठातल्या एका सीनिअर ताईला लिहिलं, तिनं एका ओळीत उत्तर दिलं: 'सीव्ही पाठव.' आज मी नोकरीत आहे. ती ओळ आता मला पुढे लिहायची आहे.

जय भीम.